काकांची दोन एकर वरकस आणि लँड ट्रस्ट नावाची भानगड

गेल्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, नौपाड्यातल्या एका काकांचा फोन आला.

"रविवारी डोंगरावर झाडं लावायला जाता ते तुम्हीच ना? बारवी धरणाच्या रस्त्याला माझी दोन एकर जमीन आहे. घ्याल का?"

मी म्हटलं, "काका, आमच्याकडे जमीन घ्यायला पैसे कुठले?"

"विकायची असती तर एजंटला फोन केला असता. मला ती विकायची नाहीये. मी आहे तोवर नाही आणि माझ्यामागेही कोणी विकू नये. म्हणून विचारतोय, घ्याल का?"

आमचा गट म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले दोघे, एक शाळेतल्या बाई, आयटीतली तीन-चार मुलं आणि मी. कोयता, टिकाव, घमेलं घेऊन काम करायची सवय आहे. सातबारा मात्र आमच्यापैकी कोणीच धड वाचलेला नव्हता. काकांना "बघतो" म्हणून फोन ठेवला आणि ते बघण्यात वर्ष गेलं. तलाठी, वकील, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आणि मुख्य म्हणजे ती जमीन, सगळीकडे फिरून जे कळलं ते इथे लिहितोय. मी वकील नाही, तेव्हा सही करण्याआधी वकिलाला विचारा.

काकांना जे हवं होतं त्याला जगात लँड ट्रस्ट म्हणतात.

कल्पना अमेरिकेतली. बोस्टन वाढत होतं आणि आसपासच्या टेकड्या, ओढ्याकाठच्या राया एकेक करून बंगल्यांखाली जात होत्या. चार्ल्स एलियट नावाच्या तरुण उद्यानरचनाकाराने १८९० मध्ये प्रश्न मांडला की वाचनालय पुस्तकं सांभाळतं, कलासंग्रहालय चित्रं सांभाळतं, मग चांगल्या जमिनी सांभाळणारी संस्था का नसावी? त्यातून १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात 'ट्रस्टीज ऑफ रिझर्व्हेशन्स' उभी राहिली आणि चार वर्षांनी इंग्लंडमध्ये नॅशनल ट्रस्ट. गंमत अशी की याच सुमारास, १८९३ मध्ये, आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. पुढच्यांसाठी काहीतरी जपून ठेवावं ही बुद्धी ठाणेकरांनाही त्याच दशकात झाली होती. आपण पुस्तकांपाशी थांबलो एवढंच.

आज अमेरिकेत हजाराहून अधिक लँड ट्रस्ट आहेत. काहींची ऑफिसं आणि पगारी फौज असते, पण कितीतरींकडे पगारी माणूस एकही नसतो. गावातली दहा-बारा माणसं महिन्याला एकदा बैठक घेतात आणि सुट्टीच्या दिवशी तण उपटायला जातात. म्हणजे आमच्यासारखीच. फरक इतकाच की त्यांच्याकडे एक कायदेशीर हत्यार आहे आणि आपल्याकडे ते नाही.

कुलूप त्यांचं, जमीन तुमची

जमीन वाचवायची तर ती विकत घ्यावी लागते, असं आम्हाला वाटत होतं. तसं नाही. कोकणात आंब्याची बाग खंडाने देतात. जमीन तुमची, कलमं तुमची, पण यंदाचा आंबा खंड घेणाऱ्याचा. विहीर एकाची आणि पाळीच्या पाण्यावर हक्क तिघांचा, हेही आपण पाहिलेलं असतं. चाळीत राहिलेल्या माणसाला पागडी माहीत असते. मालकी ही सबंध भाकरी नसते, तिचे तुकडे मोडून वेगवेगळ्या हातांत देता येतात.

यात ठाणे-मुंबईकराला तर टीडीआर तोंडपाठ. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीने ही गोष्ट इथे आणली. तुमच्या प्लॉटवर रस्त्याचं आरक्षण पडलं, तर बांधकामाचा हक्क जमिनीपासून सोलून वेगळा काढतात, त्याचा दाखला तुमच्या हातात देतात आणि तो तुम्ही दुसऱ्या बिल्डरला विकता. बांधकामाचा हक्क जमिनीपासून सुटा होतो, हे आपल्या शहराला नवीन नाही. सबंध घोडबंदर रोडला ते कळतं.

अमेरिकेतले लँड ट्रस्ट तोच हक्क सोलून काढतात, पण तो कुठेच वापरत नाहीत. जमीनमालक आणि ट्रस्ट एक दस्त करतात की या जमिनीवर इमारती नाहीत, खाण नाही, जंगलतोड नाही. मालक तिथेच राहतो, गवत कापतो, जमीन मुलांच्या नावावर करतो, हवी तर विकतोही. फक्त बांधकामाचा हक्क ट्रस्टच्या कपाटात कुलूपबंद होतो. नवा मालक कोणीही येवो, त्याला जमीन कुलपासकट मिळते, किल्ली मिळत नाही. बदल्यात मालकाला आयकरात सवलत मिळते. (तिथेही चोरवाटा निघाल्याच. जमिनीची किंमत फुगवून करमाफी उकळण्याचे प्रकार इतके झाले की सरकारला मागे लागावं लागलं. माणूस इथूनतिथून सारखाच.)

ट्रस्टचं काम सहीने संपत नाही, तिथून सुरू होतं. सही होताना जमीन कशी होती याची नोंद नकाशा-फोटोंसकट करून ठेवायची, दरवर्षी जाऊन फिरून पाहायचं, कोणी भिंत घातली तर कोर्टात जायचं आणि त्यासाठी पैसे बाजूला टाकायचे. कंटाळवाणं काम आहे, पण ते सुटलं की दस्त नुसता कागद उरतो.

मग आपल्याकडे का नाही?

वकिलांकडे पहिल्या भेटीतच आम्ही हा कुलपाचा प्रस्ताव मांडला. त्या हसल्या आणि त्यांनी १८८२ चा कायदा काढला. दुसऱ्याच्या जमिनीवर तुमचा काही हक्क असतो, उदाहरणार्थ त्याच्या बांधावरून जाण्याची वहिवाट, तो या कायद्यात येतो. पण तो हक्क माणसाला मिळत नाही, शेजारच्या जमिनीला मिळतो. तुमची स्वतःची जमीन लागून असेल आणि तिच्या उपभोगासाठी शेजाऱ्याची वाट लागत असेल, तरच वहिवाट. ठाण्यात नोंदलेल्या संस्थेची काकांच्या जमिनीला लागून एक गुंठाही नाही, म्हणून तिला असला हक्क धरताच येत नाही. अमेरिकेतही जुन्या कायद्याची अडचण जवळपास हीच होती. तिथे १९८१ मध्ये एक नमुना कायदा तयार झाला, राज्याराज्यांनी आपापले कायदे केले आणि शेजारची जमीन असण्याची अट निसर्गरक्षणापुरती सुटली. आपल्याकडे ती गाठ अजून तशीच आहे.

"मग बक्षीसपत्र करतो," काका म्हणाले. "अख्खी जमीनच घ्या."

तिथे कूळकायदा आडवा आला. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. १९४८ च्या कायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकायला मनाई करतं, हे बहुतेकांना माहीत असतं. तेच कलम बक्षीस द्यायला, अदलाबदल करायला आणि भाडेपट्ट्याने द्यायलाही मनाई करतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळाली तर होतं. ट्रस्ट म्हणजे काही शेतकरी नव्हे. हा नियम चांगल्या कारणासाठी आहे, नाहीतर शहरातल्या पैशाने गावं विकत घेतली असती. घेतलीही आहेत म्हणा, वेगवेगळ्या युक्त्यांनी. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर त्याहून कडक कायदा लागतो आणि तो तसाच असावा.

भाडेपट्टा म्हटल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. "कूळ लागेल," ते म्हणाले. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून जमीन कसणारं कूळ कायद्याने तिचं मालक मानलं गेलं. कित्येक घरांना त्याने पहिल्यांदा हक्काची जमीन दिली आणि कित्येक घरांत 'जमीन दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही' ही शिकवण रुजवली. काकांचे वडील दुसऱ्या घरातले. झाडं लावणारी मंडळी कूळ होत नाहीत हे मी दोनदा सांगितलं. पण सत्तर वर्षांची भीती दोन वाक्यांनी जात नसते.

आणखी एक भीती मला ठाणे जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक जमीनमालकाकडे भेटली. "झाडं वाढली की सरकार नेतं." ही भीती हवेतली नाही. खासगी वनं ताब्यात घेण्याचा कायदा १९७५ मध्ये आला आणि ३० ऑगस्ट १९७५ रोजी अशी वनं सरकारजमा झाली. कितीतरी वर्षांनी ठाणे-मुलुंड पट्ट्यातल्या रहिवाशांना कळलं की त्यांच्या सोसायटीच्या जमिनीवर 'खासगी वन' अशी नोंद आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ३० जानेवारी २०१४ रोजी निकाल लागला की कधीकाळी नुसती नोटीस निघाली म्हणून जमीन वन ठरत नाही. निकाल लागला, पण गावात त्याचं सार एवढंच उरलं की झाड म्हणजे लफडं. मग मालक ऐनाची, सागाची रोपं हाताएवढी असतानाच छाटून टाकतो. कायदा जंगलासाठी केला आणि त्याच्या धाकाने जंगल उगवायचं थांबलं. यात मालकाला दोष द्यायला मन धजत नाही.

खाडीपलीकडे नवी मुंबईत गोष्ट आणखी निराळी. १९७० मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली गेल्या. प्लॉट तिथे भाडेपट्ट्याने मिळतात, मूळ मालकी सिडकोकडे राहते. पाणथळ वाचवायची तर एखाद्या काकांशी बोलून भागत नाही, प्राधिकरणाशी आणि कोर्टाशी बोलावं लागतं. शिवाय तिथल्या आगरी-कोळी घरात "आमची संस्था तुमची जमीन सांभाळेल" हे वाक्य जपून बोलावं. जमीन सांभाळतो म्हणणारे त्यांनी आधी पाहिलेत.

उरलं काय? वन्यजीव कायद्यात २००२ साली एक दुरुस्ती झाली आणि कलम ३६ क आलं. त्यात 'समुदाय राखीव क्षेत्र' आहे. एखाद्या माणसाने किंवा गावाने आपखुशीने आपल्या जमिनीवर वन्यजीव राखायचं ठरवलं, तर राज्य सरकार ते क्षेत्र जाहीर करू शकतं. मालकी मालकाकडेच राहते. एक समिती नेमली जाते, तिच्यात ग्रामपंचायतीने निवडलेले सदस्य आणि वनखात्याचा माणूस असतो. समितीचा ठराव आणि सरकारची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. अमेरिकी कुलपाच्या सर्वांत जवळचं आपल्याकडे हेच. फक्त त्याची किल्ली संस्थेकडे नसून सरकारकडे असते आणि "सरकार नेतं" म्हणणाऱ्या माणसाला हे पटवायला दम लागतो.

काहींनी साध्या कराराची वाट धरली. रत्नागिरी जिल्ह्यात जंगल बहुतांश खासगी आहे. तिथे पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने मालकांशी करार केले, की तोड करायची नाही आणि त्याबदल्यात मोबदला. तमिळनाडूत अण्णामलैच्या डोंगरात चहामळ्यांच्या मालकीचे जंगलाचे तुकडे आहेत. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनची माणसं वीसहून अधिक वर्षं मळेवाल्यांच्या संमतीने त्यांत मूळची झाडं परत आणताहेत. मालकी कोणाचीच हललेली नाही. करार मोडू शकतो हे खरं, पण चांगले संबंध असले तर तो टिकतोही.

देव सही करत नाही

हे सगळं ऐकून काकांच्या बहीण म्हणाल्या, "म्हणजे देवराईच की." (त्यांचं नाव सातबाऱ्यावर आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं. हक्कसोड झालेलं नव्हतं.)

आत्यांचं म्हणणं मला वाटलं होतं त्यापेक्षा नेमकं निघालं. देवराईतून सुकी काटकीही उचलायची नाही, हा नियम देवाच्या धाकाने पाळला गेला. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर आणखी मजा आहे. भारतीय न्यायालयं देवतेला कायदेशीर व्यक्ती मानतात. तिच्या नावावर जमीन असू शकते आणि पुजारी-पंच हे नुसते व्यवस्थापक. म्हणजे मालक असा की मरत नाही, त्याला मुलांची लग्नं काढायची नसतात आणि साठेखतावर तो सही करत नाही. लँड ट्रस्टवाले कागदाकागदांतून जे उभं करायची धडपड करतात, ते हेच. अर्थात देवाच्या नावाच्या जमिनीही विकल्या गेल्या आहेत. सही व्यवस्थापक करतो.

म्हणून ट्रस्टमध्ये व्यवस्थापकाचे हात बांधावे लागतात. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायची, दरवर्षी हिशेब तपासून द्यायचे, विश्वस्त बदलले की कळवायचं. आणि कलम ३६ म्हणतं, न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. संस्थाचालक या कलमाला शिव्या घालतात. काकांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि पहिल्यांदाच खूश झाले.

आमच्या न्यासाच्या नियमावलीत आम्ही आणखी एक कलम घातलं. संस्था बंद पडली, तर जमीन असंच काम करणाऱ्या दुसऱ्या न्यासाकडे जाईल. स्वयंसेवकांच्या संस्थेत हे हवंच. आमच्यातला सर्वांत तरुण विश्वस्त ३१ वर्षांचा आहे आणि त्याची कंपनी त्याला कधीही बंगळुरूला धाडू शकते. ऐनाच्या झाडाला एवढी घाई नसते.

आता जमिनीकडे

कागद चालू होते तोवर आम्ही काकांच्या परवानगीने जमीन बघायला जाऊ लागलो. वरकस म्हणजे भात न होणारी डोंगरउताराची जमीन. पूर्वी नाचणी-वरी, गवत आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यावर जाळायला, पालापाचोळा, एवढाच तिचा उपयोग. काकांच्या जमिनीच्या वरच्या अंगाला घाणेरीचं रान, मधे गवत, खाली ओहोळ.

आमच्या मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "खड्डे कुठे मारायचे?"

कुठेच नाही. हा धडा आम्ही महागात शिकलो होतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका टेकडीवर आम्ही वाजतगाजत दोनशे रोपं लावली होती. पाहुणे होते, फोटो होते, वडापाव होते. एप्रिलमध्ये वणवा आला. पुढच्या पावसाळ्यात हिरवं काय दिसलं असेल? आम्ही लावलेली अकरा रोपं आणि त्यांच्या आजूबाजूला, आम्ही खड्डे मारताना झाडोरा समजून छाटलेल्या ऐनाचे, कुड्याचे, कुंभ्याचे मुळातून आलेले पन्नासेक फुटवे.

ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. इथली मूळची झाडं या हिशेबाने घडलेली आहेत. उन्हाळ्यात पानं गाळून बसतात, तोडलं-जाळलं तरी जमिनीखाली मूळ जिवंत ठेवतात आणि संधी मिळाली की फुटतात. वरून टीचभर दिसणाऱ्या ऐनाच्या रोपट्याचं मूळ खूप जुनं असू शकतं. नर्सरीतून आणलेल्या रोपाकडे ती पुंजी नसते. म्हणून आधी मोजायचं ते आपोआप काय येतंय. त्याला तीन-चार वर्षं आग, कुऱ्हाड आणि गुरं यांपासून वाचवलं, तर अर्ध्याहून जास्त काम जमीनच करते.

त्यासाठी पावसाळा संपला की जाळरेषा काढायची. हद्दीने काही फुटांचा पट्टा गवत कापून मोकळा करायचा, म्हणजे शेजारून आलेली आग तिथे थांबते. या कामाचा फोटो चांगला येत नाही. जुलैत आमच्याकडे चाळीस जण येतात, जानेवारीत सात.

घाणेरीचं वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून ती भारतात आणली आणि मग तिने डोंगर व्यापले. वरून छाटली की दुप्पट फुटते. फळं धरायच्या आधी कुदळीने खोडाभोवतीची माती सारायची, मुख्य मूळ जमिनीच्या दोन बोटं खाली तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे. नाहीतर ती पडल्या जागी रुजते. नंतर दोन-तीन पावसाळे परत यायचं, कारण मातीत बी असतंच आणि बुलबुल आणखी आणून टाकतात.

गिरिपुष्पाच्या बाबतीत मात्र आमच्यात भांडण झालं. मध्य अमेरिकेतलं हे झाड डोंगर आणि रस्त्याकडा लवकर हिरव्या करायला सगळीकडे लावलं गेलं. फेब्रुवारीत फुलतं तेव्हा देखणं दिसतं. मुलांचं म्हणणं, परदेशी ना, मग कापा. पण शेताच्या बांधावर ते गुणी आहे. पाला हिरवळीचं खत होतो, खुंट रोवला की कुंपण तयार. डोंगरावर ते दाट पसरतं आणि खाली दुसरं काही येऊ देत नाही, तेव्हा त्रास. शिवाय उतारावरचं सगळं एकदम कापलं तर पहिल्याच मुसळधार पावसात माती ओहोळात जाईल. आधी त्याच्या सावलीत इथली रोपं धरू द्यायची, मग टप्प्याटप्प्याने ते काढायचं, असं ठरलं. मूळचं-परकं हा वाद लोक फार लवकर देशभक्तीवर नेतात. माझ्यापुरता साधा प्रश्न असतो की या झाडावर कोण जगतं? बहाव्याच्या पानांवर कॉमन एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्या पोसल्या जातात, उंबराची फळं पक्ष्यांपासून वटवाघळांपर्यंत सगळे खातात. परक्या झाडाच्या पानाची ओळखच इथल्या बहुतेक अळ्यांना नसते.

आणि गवताला हात लावायचा नाही, हे सांगताना मला सर्वांत जास्त विरोध झाला. मधल्या पट्ट्यात खडक वर आलाय, माती वीतभरही नाही. पावसात तिथे तेरडा, कुरडू, रानहळद, कळलावी येते, डबक्यांत बेडूक असतात. तिथे दाट झाडी लावणं म्हणजे एक अधिवास मारून दुसरा नकली उभा करणं. हल्ली गर्दीने रोपं लावून दोन वर्षांत जंगल करून देणारे आहेत. शहरात, भराव टाकलेल्या प्लॉटवर त्याला माझी ना नाही. कातळावर नको. ठाणे खाडीत हीच चूक वेगळ्या रूपात होते. चिखल मोकळा दिसला की खारफुटी लावा म्हणतात, पण फ्लेमिंगो त्या मोकळ्या चिखलावरच चरतात.

रोपं लागतातच तिथे बी आम्ही स्वतः गोळा करतो. येऊरच्या जंगलातून नाही, कारण राष्ट्रीय उद्यानातून काडीही उचलायची नसते. रस्त्याकडेची, सोसायटीतली, देवळामागची झाडं पुरतात. जांभळाचं बी पावसाच्या तोंडावर खाल्लं की लगेच मातीत जायला हवं, काही आठवड्यांत ते मरतं. बहाव्याचं बी उलट, इतकं कडक की पाणीच आत शिरत नाही. पॉलिश पेपरवर घासायचं किंवा गरम पाण्यात टाकून रात्रभर ठेवायचं. बाईंच्या शाळेतली पोरं हे काम खेळ समजून करतात.

वाडीवरची मोळी

जमिनीपलीकडे ठाकरांची वाडी आहे. तिथल्या बायका या उतारावरून सरपण नेतात, पावसात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं. काकांच्या वडिलांनी कधी अडवलं नाही. कागदावर तो हक्क कुठेच नाही, पण वापर पिढ्यान्‌पिढ्यांचा. शहरातून आलेल्या संस्थेने तारेचं कुंपण घातलं की आधी हीच वाट बंद होते आणि मग "वणवा कोणी लावला?" असं आपणच विचारतो. आम्ही वाडीत जाऊन बसलो. सुकं लाकूड, भाज्या, फळं चालू राहतील, ओलं तोडायचं नाही, चार वर्षं वरच्या पट्ट्यात गुरं नाहीत, असं ठरलं. राखणीला वाडीतलाच एक दादा आहे, त्याला महिन्याचा पगार आहे. कुठलं झुडूप कापायचं नाही हे आम्ही आता त्यालाच विचारतो.

आमचा मोठा खर्च म्हणजे हा पगार. पण देणगीदाराला पगार द्यायचा नसतो, झाड द्यायचं असतं. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. ते पैसे येतात तेव्हा विचारणा एकच असते, किती रोपं? "एकही नाही, तीन वर्षं राखण" असं उत्तर दिल्यावर समोरचा गप्प झाला होता. शेवटी आमचा राखणदार सोसायट्यांतल्या वीस-बावीस घरांच्या दरमहा दोनशे-तीनशे रुपयांवर चालतो.

काकांचं कुठवर आलं? जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज गेलाय. दरम्यान त्यांनी मृत्युपत्र नोंदवलं, आत्यांनीही आपल्या हिश्शापुरतं तेच केलं. मुलगा अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर बराच वेळ वाद घालत होता. त्याच्याच गावाजवळ असे दोन ट्रस्ट आहेत, हे त्यानेच शेवटी सांगितलं.

सरकारी मोजणीची तारीख नोव्हेंबरची मिळाली आहे. हद्दीचे दगड कुठे गेले कोणालाच माहीत नाही. काकांच्या वडिलांनी पन्नासेक वर्षांपूर्वी बांधावर गिरिपुष्पाचे खुंट रोवले होते, त्यांची आता दोन पुरुष उंच रांग झाली आहे. भूकरमापकाने बजावून सांगितलंय की मोजणी होईपर्यंत त्यातल्या एकाही झाडाला हात लावायचा नाही. हद्दीचा पुरावा सध्या तेवढाच आहे.